पाय पाहून अंथरूण

आपल्याकडे एक म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. सांगणाऱ्याला पैशांबद्दल बोलायचं असतं, हे कळतं हो. पण ज्याचे पाय खरोखरच अंथरुणाबाहेर येतात, त्याला ही म्हण लहानपणापासून शब्दशः लागू पडत आलेली असते. रेल्वेच्या साइड लोअरवर गुडघे दुमडून, एसटीत गुडघे पुढच्या सीटमध्ये खुपसून, पाहुण्यांकडे चादर तिरकी घेऊन. माझी उंची सहा फूट चार इंच, म्हणजे १९३ सेंटिमीटर. 'वर हवा कशी आहे?' हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय की हल्ली समोरच्याच्या आधी मीच करून टाकतो :-)

असो. दर वर्षी दिवाळी संपली की ऑफिसातल्या मंडळींना डोंगर आठवतात. कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड अशी नावं कँटीनमध्ये ऐकू यायला लागतात, आणि दोन-चार उत्साही लोक हिमालयाचं बुकिंग करून मोकळे होतात. मग माझ्याकडे विचारणा होते, "तू एवढा लांब आहेस, तू कुठली स्लीपिंग बॅग घेतलीस रे?" दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखलं. म्हणून हा वीकांत या विषयाला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. उंच माणसानं स्लीपिंग बॅग घेताना पहिला प्रश्न लांबीचा विचारावा, तापमानाचा दुसरा आणि किमतीचा तिसरा. आणि 'लांब बॅग हवी' हा चोचला नाही. थंडीत वर झोपायचं असेल तर तो सुरक्षेचा भाग आहे. माझी तक्रार अशी की विकणारे, भाड्यानं देणारे आणि ट्रेक नेणारे यांच्यापैकी फार थोडे लोक असा विचार करतात. बाकीच्यांचं उत्तर एकच, "ॲडजस्ट होतं हो."

नाही होत. का ते बघू.

स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. शेगडी तुम्ही स्वतः आहात. बॅगेच्या आत जे पीस किंवा सिंथेटिक तंतू भरलेले असतात, त्यांचं काम फक्त हवा अडकवून ठेवणं. ही न हलणारी हवा म्हणजेच उष्णतारोधक. बॅग जितकी फुगलेली, तितकी जास्त हवा, तितकी जास्त ऊब. आता कल्पना करा, बॅग तुमच्यापेक्षा आखूड आहे. तुमची पावलं टोकाला आतून दाब देणार. दाब दिला की तिथलं भरण चपटं होणार, हवा निघून जाणार. म्हणजे साताठ हजार रुपये देऊन घेतलेल्या बॅगेत, शरीराचा जो भाग सगळ्यात आधी गार पडतो, नेमक्या त्याच जागी दोन पातळ कापडांपलीकडे काही उरत नाही.

दुसरं टोक वरचं. मडकं जसं गळ्याशी निमुळतं असतं तशी 'ममी' आकाराची बॅग डोक्याभोवती आवळायची असते. चांगल्या बॅगेत गळ्याशी एक कॉलर असते, आतली गरम हवा निसटू नये म्हणून. बॅग आखूड असली की ही कॉलर छातीवर येते, टोपीचा भाग मानेवर अडकतो आणि खांदे बाहेर. प्रत्येक कुशीबरोबर आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत. लोहाराचा भाताच तो!

मग उंच माणूस काय करतो? मुटकुळं. गुडघे पोटाशी घेतो. ममी बॅग अरुंद असते, त्यामुळे गुडघे आणि पाठ दोन्हीकडून भरण दाबतात. म्हणजे पाय वाचवायला गेलो आणि पाठ गार पडली. थोडक्यात, लांबी कमी पडली की तापमानाचा आकडा आपोआप खोटा ठरतो.

आता त्या आकड्याबद्दल. चांगल्या कंपन्यांच्या बॅगेवर जे तापमान छापलेलं असतं, त्यामागे एक मानक आहे. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ आलं, २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ नं घेतली. प्रयोगशाळेत आतून तापवलेला, सेन्सर बसवलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे सैल पडून आरामात झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे अंग आक्रसून का होईना, पण रात्र निघेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव वाचेल ते, हिमदंश झाला तरी हरकत नाही या हिशेबानं! दुकानात जाहिरातीचा आकडा म्हणून अनेकदा यातला सगळ्यात भीतीदायक आकडा पुढे केला जातो, कारण तो उणे वीस-पंचवीस वगैरे झकास दिसतो. खरेदी करताना बघायचा तो कम्फर्ट.

पण खरी गंमत पुढे आहे. हे आकडे कुणासाठी काढतात? कम्फर्टसाठी 'प्रमाण स्त्री' धरतात, वय २५, उंची १६० सेंमी. लिमिटसाठी 'प्रमाण पुरुष', वय २५, उंची १७३ सेंमी, वजन ७३ किलो. म्हणजे पाच फूट आठ इंच. मला त्या प्रमाण पुरुषाबद्दल काही राग नाही. चांगला असेल बिचारा. पण तो मी नाही. त्याच्यात आणि माझ्यात वीस सेंटिमीटरचं अंतर आहे.

इंजिनिअर माणूस, राहवलं नाही, गणित करून बघितलं. शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायचं डुबॉइज यांचं १९१६ सालचं एक सूत्र आहे. डॉक्टर लोक औषधाची मात्रा ठरवताना अशी सूत्रं वापरतात. त्या सूत्रानं प्रमाण पुरुषाचं क्षेत्रफळ येतं साधारण १.८७ चौरस मीटर. १९३ सेंमी आणि ८० किलोच्या माणसाचं २.१० चौरस मीटर. म्हणजे सुमारे साडेबारा टक्के जास्त. उष्णता बाहेर पडायला तेवढी जास्त जागा. अर्थात मोठं शरीर उष्णताही जास्त तयार करतं, त्यामुळे हा फरक जीवघेणा वगैरे नाही. पण सडपातळ आणि उंच माणसाचं वजन उंचीच्या मानानं वाढलेलं नसतं, तेव्हा हिशेब जरा तोट्यातच जातो. माझा नियम असा, की लांबी बरोबर असली तरी छापील कम्फर्टपेक्षा तीन-चार अंश उबेचा पैस जास्त ठेवायचा. तापमान शून्यावर जाणार असेल तर उणे चारची बॅग.

आता लांबी मोजायची कशी? इथे मला आमचं सातपूर उपयोगी पडतं. सातपूरच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन सांगा, "पन्नास एमएमचा बुश पाहिजे." टर्नर मान वर न करता विचारेल, "आयडी का ओडी?" आतला व्यास की बाहेरचा? हा प्रश्न विचारल्याशिवाय तिथे कुणी मशीन चालू करत नाही. स्लीपिंग बॅगेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच येत नाही. वेबसाइटवर लिहिलेलं असतं 'लांबी २१० सेंमी'. १९३ सेंमीचा माणूस खूश, सतरा सेंटिमीटर शिल्लक! पण ती असते ओडी. बॅग जमिनीवर सपाट पसरून टोपीच्या टोकापासून पायाच्या टोकापर्यंत मोजलेली. आत माणूस शिरला, बॅग फुगली, टोपी डोक्याभोवती वळली की त्यातली बरीच लांबी खर्च होते. २१०-२१५ सेंमी बाहेरून मोजलेली बॅग साधारण सहा फुटांपर्यंतच्या माणसाची असते.

म्हणून शोधायचा तो दुसरा आकडा, 'जास्तीत जास्त किती उंचीच्या माणसासाठी'. परदेशी ब्रँड बहुधा दोन मापं ठेवतात. रेग्युलर सहा फुटांपर्यंत आणि लाँग साडेसहा फुटांपर्यंत. हा आकडा कुठेच दिला नसेल तर विक्रेत्याला विचारा. त्यालाही माहीत नसेल तर ती बॅग तुमच्यासाठी नाही असं समजून पुढच्या रॅककडे जा.

आणि आतली लांबी स्वतः मोजायची असेल तर सोपा हिशेब. उभं असताना पाऊल काटकोनात असतं. आडवं झाल्यावर ते सैल पडतं, बोटं पुढे जातात, म्हणजे उंचीत आठ-दहा सेंमी सहज वाढतात. त्यात कानटोपी, जाड मोजे आणि कुशीवर वळायला लागणारी थोडी जागा धरा. एकूण, आतली लांबी आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंमी जास्त हवी. माझ्यासाठी २१३ ते २१८.

दुकानात लाजायचं नाही. बूट काढायचे, फरशीवर बॅग टाकायची, आत शिरायचं, चेन गळ्यापर्यंत लावायची, टोपी आवळायची. मग पावलं नर्तकीसारखी ताणायची. बोटं टोकाला टेकली तर मोठं माप मागायचं. टेकली नाहीत तर कुशीवर वळायचं आणि खांद्याशी कापड ताणलं जातंय का बघायचं. उंच माणसाचे खांदेही बहुधा रुंद असतात, लांबी बरोबर आणि घेर कमी असं होऊ शकतं. दुकानातली पोरं हसतात थोडी. हसू देत. उणे पाच अंशात ती आपल्या शेजारी नसतात.

इथे एक प्रामाणिक शंका. मग सगळ्यांनीच मोठ्यात मोठी बॅग का घेऊ नये? नको. जास्तीची रिकामी जागाही तुमच्याच शरीराला तापवावी लागते, आणि पायाकडची मोकळी पोकळी रात्रभर गार राहते. शिवाय लांब बॅगेचं वजन शंभर-दोनशे ग्रॅम जास्त. पाच फूट सहा इंचाच्या माणसानं लाँग घेतली तर तो उगाच ओझं वाहतोय. म्हणजे बॅग मोठी असावी असं माझं म्हणणं नाही. ती मापाची असावी. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मात्र मोठं घ्या. उरलेल्या जागेत उद्याचे कपडे कोंबता येतात, आणि सकाळी ते उबदार मिळतात हा बोनस. आखूड बॅगेत कोंबायला फक्त स्वतःलाच असतं.

बॅगेबरोबर दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे मॅट. अंगाखाली बॅगेचं भरण वजनानं दाबलेलंच असतं, त्यामुळे जमिनीचा गारवा अडवायचं काम मॅटच करते. नेहमीची मॅट १८० सेंमीच्या आसपास असते. तुमच्या टाचा जमिनीवर. लांब मॅट मिळाली तर उत्तम, नाहीतर रिकामी सॅक पायाखाली पसरायची. दुसरा तंबू. पहाटे तंबूच्या कापडावर आतून दव साचतं. उंच माणसाची बॅग दोन्ही टोकांना त्या ओल्या कापडाला टेकते, आणि पिसांची बॅग ओली झाली की पुरणपोळीसारखी चपटी होते. तंबूत तिरकं झोपायची जागा मागून घ्या. सह्याद्रीत हा प्रश्न कमी, कारण हरिश्चंद्रगड असो की रतनगड, आपण गुहेतच पथारी टाकतो.

सह्याद्रीत एवढा अट्टहास कशाला, असंही कुणी विचारेल. बरोबर आहे. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबानं वर सहा-सात अंशांचा फरक पडतो (अर्थात हिवाळ्यात गार हवा खोलगट भागात साचते, म्हणूनच निफाडचा पारा कधीकधी डोंगरापेक्षाही खाली जातो). इथे पाय बाहेर राहिले तर एक रात्र वाईट जाते, एवढंच. सकाळी चहा, पोहे, विषय संपला. हिमालयात तसं नसतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटी केदारकंठाला गेलो होतो. शिखर ३८०० मीटरच्या आसपास. ट्रेक नेणाऱ्यांना महिनाभर आधी मेल करून उंची कळवली होती. उत्तर आलं, "सर, आमच्या बॅगा सगळ्यांना बसतात." सांक्रीला पोचल्यावर हातात पडली नेहमीच्या मापाची. चेन खांद्यापर्यंतच येत होती. शेवटच्या कँपवर बर्फात तंबू. रात्री दहाला पायाची बोटं बधिर व्हायला लागली. तिथल्या स्थानिक गाइडनं माझी सॅक रिकामी करून बॅगेचं पायाकडचं टोक तिच्यात सरकवलं आणि वर पावसाचं जॅकेट गुंडाळलं, तेव्हा कुठे दोनेक तास डोळा लागला. पहाटे तीनला चढाई सुरू. झोप नाही, पाय सुन्न, अंधार, बर्फाचा उतार. माझ्या ग्रुपमधले पाच फूट सात इंचवाले गडी टवटवीत होते, आणि मी प्रत्येक पाऊल दोनदा तपासून टाकत होतो. पडलो नाही. पण घसरायला एक न झोपलेली रात्र पुरते, हे त्या दिवशी नीट कळलं.

म्हणून मी 'ॲडजस्ट' या शब्दावर चिडतो. रोजच्या जगण्यात उंच माणूस भरपूर ॲडजस्ट करतो, त्याची सवय असते. पण ३८०० मीटरवर ॲडजस्ट करणं म्हणजे सुरक्षेचं एक साधन काढून घेणं. गिर्यारोहकाला कुणी आखूड दोर देऊन 'होईल ॲडजस्ट' म्हणत नाही.

यावर कायम मिळणारं उत्तर म्हणजे, "तुमच्यासारखे कितीसे?" मान्य, फार नाहीत. आपल्याकडच्या पुरुषांची सरासरी साडेपाच फुटांच्या आसपास, दुकानदार त्या मापाचा माल भरणार. बाजाराचा नियमच आहे तो. पण अगदीच नाहीत असंही नाही. पुण्यातल्या कुलकर्णी कुटुंबाबद्दल तुम्ही वाचलं असेल. १९८९ मध्ये लिम्का बुकनं त्यांची देशातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून नोंद केली होती. पती सात फूट दीड इंच, पत्नी सहा फूट अडीच इंचांच्या वर, आणि पुढे दोन्ही मुलीही सहा फुटांच्या वर गेल्या. साडेसहा फुटांची 'लाँग'सुद्धा सात फुटी माणसाला पुरणार नाही. त्याला शिवूनच घ्यावी लागणार.

आणि शिवून घेणं ही काही परग्रहावरची कल्पना नाही. आपल्या घरोघरी गोधड्या शिवल्या जातच होत्या की! जुनी लुगडी एकावर एक घालायची, धावदोरा घालत जायचं. ज्याच्यासाठी शिवायची तो समोर बसलेला. नातवंडासाठी दुपटं, आजोबांसाठी आजोबांच्या मापाची. लुगडं चांगलं आठ मीटर लांब, कापडाची कमतरता नाही. माझ्या आजीनं मी अकरावीत असताना जुन्या गोधडीला पायाकडून दीड वीत जोड दिला होता. कंपन्यांच्या भाषेत बोलायचं तर कस्टम साइझिंग, तेही मोफत.

गंमत म्हणजे जगातले वजनाचा काटेकोर विचार करणारे ट्रेकर आता स्लीपिंग बॅगेकडून पुन्हा याच कल्पनेकडे वळताहेत. त्यांचं म्हणणं असं, की अंगाखाली दबलेलं भरण काही कामाचं नाही, मग ते वाहायचं कशाला? खाली चांगली मॅट, वर पिसांची रजई, पायाकडे पिशवीसारखी बंद. तिला ते क्विल्ट म्हणतात. छोटे कारखानदार ऑर्डर घेताना तुमची उंची विचारतात आणि त्या लांबीची शिवून देतात. फार कडाक्याच्या थंडीत बाजूनं वारा शिरतो हा तिचा दोष आहे. पण उंच माणसासाठी हा पर्याय नक्की तपासण्यासारखा.

आणि सह्याद्रीपुरतं बोलायचं तर आणखी स्वस्त उपाय आहे. असलेल्या बॅगेला जाड फ्लीसची पायपिशवी शिवून घ्यायची, गुडघ्यापर्यंत येईल अशी, आणि आत पाय त्यात घालून झोपायचं. कोपऱ्यावरचा टेलर तासाभरात शिवून देईल. हिमालयाला हे पुरेसं नाही, तिथे मापाचीच बॅग हवी.

एवढं सगळं ग्राहकानं करायचं, मान्य. पण माझी खरी मागणी ट्रेक नेणाऱ्यांकडे आहे, आणि ती अगदी क्षुल्लक आहे. नावनोंदणीच्या फॉर्मवर तुम्ही रक्तगट विचारता. शाकाहारी की मांसाहारी, जैन जेवण हवं का, टी-शर्टचा साइज काय, सगळं विचारता. टी-शर्ट आखूड झाला तर कुणाला सर्दीसुद्धा होत नाही. त्याच फॉर्मवर 'उंची' ही एक ओळ वाढवा, आणि दर वीस बॅगांमागे दोन लांब ठेवा. नसतील तर तसं आधी सांगा, आम्ही आमची आणू. 'सगळ्यांना बसते' हे मात्र लिहू नका.

आणि तुम्ही, म्हणजे सहा फुटांच्या वरची मंडळी, तुम्हीही 'चालतंय की' म्हणणं सोडा. आपण चालवून घेतो म्हणून दुकानदाराला वाटतं की मागणी नाही. पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल तेव्हा टर्नरचा प्रश्न विचारा, आयडी का ओडी? उत्तर येत नसेल तर बॅग फरशीवर पसरा आणि बूट काढायला लागा.

ता.क. : सहा फुटांच्या वरच्या मुली आणि बायका यांचं कुठल्याच मापात काही खरं नाही. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगा जास्त उबदार, पण आखूड असतात. त्यांनी सरळ पुरुषांच्या लाँगमधली जास्त उबेची बॅग बघावी, आणि आकडा कम्फर्टचाच वाचावा.